सिपादानला परत मिळालेली रात्र

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 17 डिसेंबर 2002 रोजी सिपादान आणि लिगितान ही सेलेबेस समुद्रातली दोन बेटं मलेशियाची असल्याचा निकाल दिला. सोळा विरुद्ध एक असा तो निकाल होता. इंडोनेशियाचा दावा 1891 च्या ब्रिटिश-डच करारातल्या सीमारेषेवर उभा होता आणि तो टिकला नाही. करार आणि नकाशे निरुपयोगी ठरल्यावर न्यायाधीशांपुढे एकच साधा प्रश्न उरला: या बेटांवर प्रत्यक्ष कारभार कोण करत होतं? उत्तर मिळालं ते कासवांच्या अंड्यांतून. उत्तर बोर्निओच्या ब्रिटिश प्रशासनाने 1917 मध्ये कासवांच्या रक्षणासाठी कायदा केला होता. अंडी गोळा करण्याचे परवाने तेच प्रशासन देई आणि त्यावरून उठलेले तंटेही तेच मिटवी. पुढे 1933 मध्ये सिपादान पक्ष्यांसाठी राखीव झालं आणि साठच्या दशकात दीपस्तंभ उभे राहिले. वाद 1969 मध्ये उभा राहिला आणि त्यानंतर दोन्ही बाजूंनी जे केलं ते न्यायालयाने तोललं नाही. त्यामुळे ऐंशीच्या दशकात उभी राहिलेली डायव्हिंगची रिसॉर्टं हिशेबात आलीच नाहीत. एका देशाची मालकी ज्या पुराव्यावर ठरली, तो पुरावा रात्री अंधारात वाळूवर चढून अंडी घालणाऱ्या प्राण्याचा होता. निकालानंतर दोनच वर्षांनी मलेशियाने बेटावरची सगळी रिसॉर्टं हलवायला लावली. त्याला आता वीस वर्षं उलटली. या काळाचा मागोवा घेताना बहुतेक लेखनात रोजच्या परवान्यांचा आकडाच चर्चेला येतो. माझं म्हणणं वेगळं आहे. सिपादानला खरा दिलासा पाहुण्यांची संख्या कमी झाल्याने मिळाला नाही. बेटाला त्याची रात्र परत मिळाली, त्याने तो मिळाला.

बेट अगदी लहान आहे. साबा राज्याच्या सेम्पोर्ना गावातून बोटीने सुमारे तासाभरात पोहोचता येतं आणि किनाऱ्याने चालायला लागलं तर अर्ध्या तासात प्रदक्षिणा होते. पाण्याखाली मात्र ते सुमारे 600 मीटर खोल तळापासून उभं राहिलं आहे. विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर प्रवाळांनी हजारो वर्षं थर चढवले आणि हा खांब तयार झाला. किनाऱ्यापासून काही पावलांवर प्रवाळाची भिंत सरळ खाली जाते. खोल पाण्यातले प्रवाह या भिंतीवर आदळतात, अन्न वर आणतात आणि त्यामागोमाग मोठे मासे येतात. बॅराकुडा पॉइंटवर शेकडो बॅराकुडा भोवऱ्यासारखे फिरत राहतात. डोक्यावर मोठं टेंगूळ असलेले बंपहेड पॅरटफिश पहाटे कळपाने उथळ पाण्यावरून जातात आणि त्यांच्या दातांखाली प्रवाळ फुटल्याचा आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. व्हाइटटिप रीफ शार्क कपारींत आणि वाळूवर पडून असतात. हिरवी कासवं इतकी, की एका बुडीत किती दिसली ते मोजायचं डायव्हर सोडून देतात. भिंतीतच एक गुहा आहे, टर्टल टूम. वाट चुकलेली कासवं आत अडकून श्वासाअभावी मरतात आणि त्यांचे सांगाडे तिथे तसेच पडून आहेत. जाक कुस्तोने 1989 मध्ये आपल्या माहितीपटाच्या नावात सागरी कासवाचं भूत आणलं आणि या बेटाचं नाव जगभर झालं.

या प्राण्यांच्या यादीकडे नीट पाहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. डायव्हरला दिवसा भेटणारे यातले बरेच जीव तेव्हा विश्रांतीवर असतात. व्हाइटटिप शार्क दिवसभर पडून राहतो आणि अंधार पडल्यावर कपारीकपारीत शिकार शोधतो. बॅराकुडांचा तो देखणा भोवरा ही त्यांची दिवसाची, सुरक्षित राहण्याची रीत आहे. शिकारीसाठी ते रात्री विखुरतात. बंपहेडचं उलटं. तो दिवसा खातो आणि रात्री कळपाने कपारींत किंवा उथळ पाण्यात झोपतो, आणि त्याला सर्वांत मोठा धोका त्याच झोपेत असतो. सॉलोमन बेटांवर आणि फिजीमध्ये टॉर्च घेऊन रात्री भाल्याने मासे मारणाऱ्यांनी या माशांचे कळपच्या कळप संपवले. असा एक मासा वर्षाला पाच टनांहून जास्त प्रवाळखडक चघळून त्याची वाळू करतो, म्हणजे तो गेला की खडकाची आणि किनाऱ्याची घडणच बदलते. कासवाची मादी तर वाळूवर चढते तीच रात्री. किनाऱ्यावर दिवा दिसला की ती पाण्यातूनच मागे वळते, आणि पिल्लं अंड्यातून बाहेर पडल्यावर समुद्राकडे जायचं सोडून दिव्याकडे जातात. तेव्हा पाहुण्यांचा आणि वन्यजीवांचा संबंध दिवसाच्या भेटीपुरता मोजला, तर हिशेबाचा अर्धा भाग सुटतो.

रिसॉर्टांच्या काळात हा अर्धा भाग माणसांच्या ताब्यात होता. ऐंशीच्या दशकात पहिली डायव्हिंग कंपनी आली, नव्वदच्या दशकात लाकडी खोल्यांची रांग वाढत गेली. किनाऱ्यावरून चालत उतरून भिंतीवर रात्रीची बुडी मारता येणं हे तर त्या काळातलं मोठं आकर्षण होतं. मुक्काम आला की त्यामागून जनित्रं, दिवे, स्वयंपाकघरं, संडास, विहिरी हे सगळं आलं. प्रवाळाची वाळू चाळणीसारखी असते. तिच्यात मुरवलेलं सांडपाणी झिरपत शेवटी त्याच भिंतीवर पोहोचतं, आणि एवढ्याशा बेटाखाली गोड्या पाण्याचा साठाही पातळ थराचाच असतो. यात कुणा एका मालकाचा दोष शोधण्याची गरज नाही. अर्ध्या तासात फिरून होणाऱ्या बेटावर शेकडो माणसं झोपू लागली की कितीही काळजी घेतली तरी हे घडणारच होतं. त्यात 23 एप्रिल 2000 या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, अबू सय्याफच्या बंदूकधाऱ्यांनी बेटावरून पर्यटक आणि कर्मचारी मिळून 21 जणांना पळवून फिलिपिन्समधल्या होलो बेटावर नेलं. त्यानंतर बेटावर सैन्य आणि पोलिस कायमचे आले. न्यायालयाचा निकाल 2002 मध्ये लागला आणि 2004 अखेरपर्यंत रिसॉर्टं हलवण्याचा हुकूम निघाला.

आता आकड्याकडे वळतो, कारण माझ्या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप तिथेच आहे. रिसॉर्टं गेल्यावर दिवसाला 120 जणांनाच परवाना देण्याची पद्धत सुरू झाली आणि सिपादान वाचलं ते या मर्यादेमुळे, असं सांगितलं जातं. मग हिशेब मांडून पाहू. रोजचे परवाने पूर्ण खपले आणि प्रत्येकाने तीन बुड्या मारल्या, तर वर्षाला 1,31,400 बुड्या होतात. बेटाभोवतीच्या साधारण बारा जागांत त्या सारख्या वाटल्या तरी प्रत्येक जागेच्या वाट्याला अकरा हजारांच्या आसपास येतात, आणि वाटणी सारखी कधीच नसते. बॅराकुडा पॉइंट, साउथ पॉइंट आणि ड्रॉप ऑफ यांनाच सगळ्यांची पसंती. कॅरिबियनमधलं बोनेर आणि तांबड्या समुद्रातला इजिप्तचा किनारा इथल्या अभ्यासांतून पुढे आलेला अंदाज असा, की एका जागेवर वर्षाला पाच-सहा हजारांच्या पुढे बुड्या गेल्या की प्रवाळाची हानी झपाट्याने वाढते. म्हणजे 120 हा आकडा मुळातच सैल होता, आणि पुढे तो वाढवण्यातही आला. भिंतीवर जोराच्या प्रवाहाबरोबर वाहत जाणारा डायव्हर प्रवाळाला कमी धक्के लावतो, हे खरं आहे आणि सिपादानला त्याचा फायदा मिळाला असेल. बुडीआधी नीट सूचना दिल्या आणि गाइडने पाण्यातच चुका थांबवल्या की धक्के कमी होतात, हेही इतरत्र मोजून सिद्ध झालं आहे; म्हणूनच नवशिक्यांना इथे प्रवेश न देता प्रगत प्रमाणपत्र मागण्याचा नियम मला योग्य वाटतो. पण एवढ्या सैल मर्यादेतही बॅराकुडांचे भोवरे आणि कासवांची गर्दी टिकली असेल, तर त्याचं कारण मर्यादेबाहेर शोधायला हवं. बोटी सकाळी येतात, दुपारी सगळ्यांना निघावं लागतं. बेटावर खोली नाही, स्वयंपाकघर नाही, रात्रीची बुडी नाही. 2004 आधी आणि नंतर सर्वांत मोठा फरक पडला तो इथे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे सगळं श्रेय रात्रीला देऊ नका, ते बंदुकीला द्या, असं म्हणता येईल. सेम्पोर्नाच्या पाण्यात सुरुंग फोडून मासे मारण्याचा प्रकार जुना आहे. जुलै 2019 मध्ये कालापुआन बेटाजवळ अशाच एका संशयित स्फोटात दोन चिनी पर्यटक आणि त्यांचा प्रशिक्षक पाण्याखाली मेले. सिपादानभोवती असे स्फोट होऊ शकत नाहीत, याला सशस्त्र पहारा हेच मुख्य कारण आहे. हे मी पूर्ण मान्य करतो. पहाऱ्याची माणसं बेटावर रात्रीही असतात, तेव्हा तिथला अंधार पूर्ण नाही हेही खरं. पण पहारा 2000 नंतर लगेच आला आणि पाहुणे त्यानंतरही चार-साडेचार वर्षं बेटावर झोपत होते. पहाऱ्याने बाहेरचा सुरुंग थांबतो. वाळूत मुरणारं सांडपाणी आणि किनाऱ्यावरचे दिवे थांबत नाहीत. शिवाय मे 2006 मध्ये घडलं ते पहारा असतानाच घडलं. बेटावरच्या नव्या सोयींसाठी बांधकामाचं साहित्य घेऊन आलेली बार्ज खडकावर चढली आणि ड्रॉप ऑफजवळचा प्रवाळाचा मोठा पट्टा चिरडला गेला. एवढी हानी डायव्हरांच्या पंखांनी कित्येक वर्षांत झाली नसती. बेटावर काही बांधायचं ठरवलं की किंमत काय पडते, हे त्या एका दिवसाने दाखवलं.

मग ओझं गेलं कुठे? ते शेजारी सरकलं, आणि या प्रश्नावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. माबुल आणि कापालाई इथून सिपादान बोटीने अर्ध्या तासाच्या आत येतं, त्यामुळे मुक्काम तिकडे गेला. माबुलजवळ तर निवृत्त झालेला तेलविहिरीचा फलाटच आधीपासून डायव्हरांचं हॉटेल झाला होता. सांडपाणी, दिवे, कचरा आता तिथे आहेत. समर्थनात इतकंच म्हणता येईल की माबुल उथळ, वाळूच्या पठारावरचं, आधीपासून वस्ती असलेलं बेट आहे आणि तिथे लोक छोटे, चिखलात लपणारे जीव पाहायला जातात; सिपादानची खोल भिंत आणि तिच्यावर येणारे कळप दुसरीकडे उभे करता येत नाहीत. पण माबुलवरच्या माणसांसाठी हे समर्थन अपुरं आहे. तिथल्या बजाऊ लाउत लोकांपैकी अनेकांकडे कोणत्याच देशाचं नागरिकत्व नाही. जून 2024 मध्ये सेम्पोर्नाच्या तुन सकारन सागरी उद्यानाच्या परिसरात त्यांची घरं पाडण्यात आली. ज्या समुद्रात ते पिढ्यान्‌पिढ्या होडीवर राहिले, तिथे परदेशी पाहुण्याला परवाना मिळतो आणि त्यांना छप्पर मिळत नाही. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला कासवांची घरटी राखली जातात ती गावकऱ्यांकडूनच, आणि पाहुणे झोपतात ते गावातल्या घरांत. तिथे अंधार राखणं हा गावाच्याच कमाईचा भाग झाला. सिपादानवर गाव नव्हतं, म्हणून तिथली रात्र रिकामी करणं सोपं गेलं. पण त्या रात्रीची कमाई शेजारच्या होड्यांपर्यंत पोहोचवायचं काम वीस वर्षांत झालेलं नाही. ते व्हायला हवं.

शेवटचा आक्षेप पुराव्याचा. वीस वर्षांत काय साधलं ते दाखवा, असं कुणी विचारलं तर? भिंतीवरच्या प्रवाळाचं उत्तर देणं अवघड आहे, कारण पाणी तापून प्रवाळ पांढरा पडतो तेव्हा सिपादानचा अंधार काही करू शकत नाही. आता वर्षातला एक महिना बेट डायव्हिंगसाठी पूर्ण बंद ठेवतात. पाऊल चांगलंच आहे, पण एका महिन्याचा परिणाम वेगळा काढून दाखवायला फार वर्षांची मोजणी लागेल. कासवांच्या बाबतीत मुदत त्यांच्या शरीरानेच ठरवून ठेवली आहे. हिरवं कासव वयात यायला साधारण 20 ते 50 वर्षं घेतं आणि मादी अंडी घालायला आपल्या जन्माच्या प्रदेशात परतते. रिसॉर्टांचे दिवे विझल्यावर, 2005 मध्ये सिपादानच्या वाळूतून निघून थेट पाण्याकडे गेलेल्या पिल्लांपैकी ज्या मोजक्या माद्या जगल्या असतील, त्यांतल्या सर्वांत लवकर वाढलेल्या आत्ता कुठे परतायच्या वयाला येत आहेत. बाकीच्या पुढच्या दहा, वीस, तीस वर्षांत येतील. त्या येतील तेव्हा किनारा अंधाराच हवा.