बसवाल्यांचं विमान

गोल या ब्राझिली विमान कंपनीचा उगम शोधत गेलं तर माणूस बसच्या डेपोत जाऊन पोहोचतो. कंपनी काढणाऱ्या घराण्यातले थोरले, नेने कोन्स्तान्तिनो, यांनी मिनास जेराइस राज्यात ट्रक चालवत धंद्याला सुरुवात केली. ट्रकवरून ते प्रवासी वाहतुकीकडे वळले आणि पुढे देशातल्या मोठ्या बस-व्यवसायांपैकी एक त्यांच्या कुटुंबाच्या हाती आला. त्यांचा मुलगा कोन्स्तान्तिनो दे ओलिवेरा ज्युनियर याला वेगाची हौस. तरुणपणी तो फॉर्म्युला-थ्रीच्या शर्यतींत गाडी पळवत असे. तिशी ओलांडता ओलांडता त्याने घरच्या पैशावर विमान कंपनी काढली. १५ जानेवारी २००१ रोजी गोलचं पहिलं विमान उडालं, तेव्हा ताफ्यात सहा बोइंग ७३७-७०० होती. रंग भडक नारिंगी.

बसच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला दोन गोष्टी कुणी शिकवाव्या लागत नाहीत. उभी असलेली गाडी पैसे खाते आणि रिकामं गेलेलं आसन परत विकता येत नाही. अमेरिकेत साउथवेस्ट या कंपनीने हाच हिशेब विमानांना लावून दाखवला होता. गोलने तो ब्राझीलमध्ये आणला. सगळा ताफा बोइंग ७३७ चा, म्हणजे कुठलाही वैमानिक कुठल्याही विमानावर, सुटे भाग एकाच प्रकारचे, मेकॅनिकांचं प्रशिक्षणही एकच. विमान उतरलं की अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा हवेत. छापील तिकिटाला फाटा देऊन आरक्षण इंटरनेटवर आणि फोनवर. त्या काळी वारिगसारख्या जुन्या कंपन्या गरम जेवण वाढत. गोलने प्रवाशाच्या हातात धान्याची गोड वडी आणि शीतपेय ठेवलं. त्या वडीवरून ब्राझीलभर विनोद झाले, पण विमानं भरून जात राहिली.

थट्टा करणाऱ्या कंपन्यांचं पुढे काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. ट्रान्सब्राझील २००१ च्या डिसेंबरात थांबली, वास्प २००५ मध्ये. १९२७ साली स्थापन झालेली, ब्राझीलची शान समजली जाणारी वारिग कर्जाखाली २००६ मध्ये कोसळली आणि पुढच्याच वर्षी तिचा उरलेला चालू भाग गोलनेच सुमारे ३२ कोटी डॉलरला घेतला. वारिगचं नाव घेऊन पॅरिस, रोमपर्यंत मोठी विमानं उडवण्याचा प्रयोग मात्र बसवाल्यांना पचला नाही. तो २००८ मध्ये गुंडाळला गेला. खरेदीतून खरा लाभ झाला तो दोन गोष्टींचा. एक, वारिगची ‘स्माइल्स’ ही पॉइंट्स जमवण्याची योजना. दुसरी, साओ पाउलोच्या कोंगोन्यास विमानतळावरच्या उड्डाणाच्या वेळा. त्या वेळांचं मोल पुढे येईलच.

गोलचा प्रवासी कोण, हे कळायला ब्राझीलचा नकाशा डोळ्यांपुढे हवा. हा देश ८५ लाख चौरस किलोमीटरचा, भारताच्या अडीचपटीहून मोठा. लांब पल्ल्याची प्रवासी रेल्वे जवळपास नाहीच. ईशान्येकडच्या दुष्काळी भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं कामासाठी साओ पाउलोला आली. बांधकामावर, कारखान्यांत, दुसऱ्यांच्या घरांत राबली. गणपतीला कोकणात निघणाऱ्या चाकरमान्यांसारखी ही माणसं जूनमधल्या साओ जोआओच्या सणाला नि वर्षअखेरीला गावाकडे निघतात. मात्र इथे गाव दोन हजार किलोमीटरवर, आणि बसने चाळीस तासांच्या वर. साओ पाउलोहून रेसिफेला विमान तीन तासांत पोहोचतं. गोलने या माणसांना गिऱ्हाईक मानलं. मध्यरात्रीनंतर एरवी उभ्या राहिलेल्या विमानांतून घुबडाच्या नावाने स्वस्त फेऱ्या काढल्या. भाडं हप्त्यांत भरायची सोय केली. त्यासाठीच्या खास योजनेत ३६ हप्त्यांपर्यंत मुदत मिळे. ब्राझीलमध्ये फ्रिजपासून बुटांपर्यंत सगळं हप्त्यांवर घेतलं जातं, तेव्हा विमानाचं तिकीटही त्याच रांगेत येऊन बसलं. २०१० साली राज्याराज्यांतल्या लांबच्या प्रवासात विमानाने जाणारे लोक पहिल्यांदाच बसने जाणाऱ्यांपेक्षा जास्त झाले. त्याचं सगळं श्रेय एकट्या गोलचं नाही. त्या दशकात पगार वाढले, स्पर्धकही वाढले. पण दार पहिल्यांदा गोलने उघडलं.

आता कोंगोन्यास. हा विमानतळ १९३६ चा, तेव्हा शहराबाहेर होता. आज इमारतींच्या मधोमध आहे. मुख्य धावपट्टी दोन किलोमीटरहूनही थोडी आखूड. रात्री ११ ते सकाळी ६ बंद. उड्डाणांच्या वेळा मोजक्या, म्हणून सोन्याच्या मोलाच्या. इथून रिओ दि जानेरोच्या सांतोस दुमों विमानतळापर्यंतचा मार्ग ‘हवाई पूल’ म्हणून ओळखला जातो. १९५९ मध्ये तीन कंपन्यांनी मिळून तो सुरू केला आणि तेव्हापासून तो देशाच्या व्यापाराचा कणा राहिला आहे. सकाळी लॅपटॉप घेऊन निघायचं, रिओत बैठक उरकायची आणि संध्याकाळी घरी यायचं. उड्डाण तासाभराचं.

अडचण रिओच्या टोकाला. ब्राझीलच्या विमानविद्येचे जनक आल्बेर्तो सांतोस-दुमों यांचं नाव असलेल्या या विमानतळाची धावपट्टी फक्त १,३२३ मीटर. दोन्ही टोकांना समुद्र, समोर शुगरलोफचा सुळका. १८० हून अधिक आसनांचं ७३७-८०० इथे पूर्ण भरून उतरवणं जमत नव्हतं. गोलच्या मागणीवरून बोइंगने या विमानाचा आखूड धावपट्टीसाठीचा खास अवतार घडवला. त्यात उतरल्यावर पंखांवरच्या पट्ट्या जास्त उघडून विमानाला जमिनीवर दाबून धरतात, उड्डाणाच्या वेळी पंखाच्या पुढच्या कडेची फट बंद राहते, आणि मागच्या टेकूची रचना बदललेली असते. २००६ पासून ही विमानं येऊ लागली. हे तंत्र नंतर जगभरच्या कंपन्यांनी घेतलं. खिडकीची जागा मिळाली तर सांतोस दुमोंला उतरतानाचे शेवटची काही मिनिटं पाहून घ्यावीत. ब्रेक मात्र जोरात लागतो, त्याने घाबरू नये.

याच जातीच्या विमानाशी गोलचा सर्वांत दुःखद दिवस जोडलेला आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी मानौसहून ब्राझिलियाकडे निघालेलं, ताफ्यात येऊन तीन आठवडेही न झालेलं ७३७ ॲमेझॉनच्या जंगलावर ३७,००० फुटांवर एका खासगी जेटला धडकलं. विमानातले सर्व १५४ जण गेले. खासगी जेट एका लष्करी तळावर सुखरूप उतरलं. दोन्ही विमानं समोरासमोर एकाच उंचीवर होती आणि खासगी जेटचं स्थान सांगणारं यंत्र बंद पडलेलं होतं. ब्राझीलचं हवाई नियंत्रण हवाई दलाकडे आहे. त्याच्या यंत्रणेतल्या उणिवा या अपघाताने चव्हाट्यावर आणल्या, पुढे नियंत्रकांनी काम रोखलं आणि अनेक महिने विमानतळांवर गोंधळ माजला. जुलै २००७ मध्ये कोंगोन्यासवर दुसऱ्या एका कंपनीच्या विमानाला अपघात होऊन १९९ माणसं गेली, तेव्हा या छोट्या विमानतळावरचे निर्बंध आणखी कडक झाले.

आता प्रवासाचं. तिकीट घेताना संकेतस्थळ सीपीएफ नावाचा अकरा आकडी करक्रमांक मागतं. परदेशी प्रवाशाने पासपोर्टचा पर्याय निवडावा. भारतीय कार्ड तिथे कधी कधी नाकारलं जातं, म्हणून दुसरं कार्ड जवळ असू द्यावं. स्वस्त ‘लाइट’ भाड्यात विमानाच्या पोटात टाकायची बॅग धरलेली नसते. हातातली १० किलोची बॅग मात्र नियमानेच मोफत. बॅगेचे वेगळे पैसे घ्यायची मुभा २०१७ पासून मिळाली आणि तो राजकीय वाद झाला. संसदेने मोफत बॅग परत आणण्याचा ठराव केला, राष्ट्राध्यक्षांनी त्यावर २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये नकाराधिकार वापरला.

विमानतळावर भारतीय माणसाला पहिला धक्का दारातच बसतो. तिकीट-ओळखपत्र तपासणारा जवान नाही, कुणीही आत जातं, नातेवाईक सुरक्षा तपासणीपर्यंत सोडायला येतात. देशांतर्गत उड्डाणात पाण्याची बाटली टाकून द्यावी लागत नाही. विमानात चढताना साठी ओलांडलेले, गरोदर स्त्रिया, लहान मूल घेतलेले आणि अपंग यांची रांग आधी जाते आणि ती कुणी मोडत नाही. आत तीन-तीनच्या ओळी, ७३७ मॅक्स-८ मध्ये १८६ आसनं. खाऊ साधा, सुका. २०१६ पासून बऱ्याच विमानांत वाय-फाय आहे. घोषणा आधी पोर्तुगीजमध्ये, मग घाईघाईच्या इंग्रजीत. कर्मचारी हसतमुख, पण इंग्रजीची खात्री नाही. गेट ऐन वेळी बदलतं, तेव्हा कान पोर्तुगीज आकड्यांकडे लागलेले हवेत.

उशीर झाला तर ब्राझीलचा प्रवासी आपल्यापेक्षा बराच सुरक्षित आहे. हवाई नियामकाच्या २०१६ च्या ठरावानुसार तासाभराच्या उशिराला फोन-इंटरनेटची सोय, दोन तासांना खाणं, चार तासांना पर्यायी उड्डाण किंवा पैसे परत, आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल. प्रवासाला निदान सात दिवस असताना घेतलेलं तिकीट चोवीस तासांत फुकट रद्द करता येतं. एवढ्यावर भागलं नाही तर मोठ्या विमानतळांवर छोट्या दाव्यांच्या न्यायालयाची खिडकीच असते. वकिलाशिवाय तक्रार नोंदवता येते. ब्राझिली माणूस हा हक्क मनापासून वापरतो, आणि विमान कंपन्या त्याबद्दल सतत कुरकुरतात.

‘स्वस्त विमानसेवा’ ही पाटी वाचून युरोपातल्या नाममात्र भाड्यांची अपेक्षा केली तर मात्र निराशा पदरी पडेल. इंधनाचा दर आंतरराष्ट्रीय बाजाराशी बांधलेला, विमानांचं भाडं डॉलरमध्ये, आणि प्रवासी देतो रेआल. रेआल घसरला की बसच्या डेपोतली सगळी काटकसर एका महिन्यात धुऊन निघते. शिवाय बाजार तीन कंपन्यांच्या हाती आहे: लाताम, गोल आणि आझुल. आझुल साओ पाउलोतच जन्मलेल्या डेव्हिड नीलमनने २००८ मध्ये काढली. त्याने कोंगोन्यासच्या वाटेला न जाता शंभर किलोमीटरवरच्या काम्पिनास शहरातून, ब्राझीलमध्येच बनणाऱ्या एम्ब्राएर जेटांवर, छोट्या गावांना जोडलं. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर एम्ब्राएरच्याच विमानांनी कोल्हापूर आणि नांदेडसारखी शहरं जोडते. तेव्हा आझुलचं गणित मराठी प्रवाशाला परकं वाटू नये.

तिघांनाही कर्जाने गाठलं. लातामने २०२०, गोलने जानेवारी २०२४ आणि आझुलने मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात दिवाळखोरी संरक्षण मागितलं. या काळात गोलची उड्डाणं चालू राहिली, तिकिटं विकली गेली. जून २०२५ मध्ये कंपनी त्यातून बाहेर पडली, पण आता मालकीची मुख्य सूत्रं कोलंबियाच्या आविआंकालाही सांभाळणाऱ्या आब्रा समूहाकडे आहेत. आझुल आणि गोल एक करण्याची बोलणी झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात फिस्कटली. सध्याचे मुख्य कार्यकारी सेल्सो फेरेर प्रशिक्षणार्थी म्हणून कंपनीत आले आणि ७३७ उडवण्याचा परवानाही बाळगतात. ट्रक चालवून मालक झालेल्या घराण्याला शोभेल अशीच ही निवड.

म्हणून गोलचं तिकीट काढताना सर्वांत कमी भाड्याच्या मागे लागू नये. ते आगाऊ आरक्षण करणाऱ्याला आणि रात्री-अपरात्री निघणाऱ्यालाच मिळतं. पैसे मोजायचे ते वेळापत्रकाचे. शहराच्या पोटातला विमानतळ, पाठोपाठच्या फेऱ्या, एक चुकली तर पुढची. ब्राझीलला जाणाऱ्याने पिवळ्या तापाची लस निघण्याआधी निदान दहा दिवस घेऊन तिचं प्रमाणपत्र पासपोर्टला जोडावं, कारण ते नसेल तर अडवलं जातं ते परतताना, भारताच्या विमानतळावर. बाकी गोलकडून अपेक्षा ठेवावी ती चांगल्या बसकडून ठेवतो तेवढीच: जागा मिळेल, गाडी सुटेल, आणि बहुतेक वेळा ती वेळेवर पोहोचेल.