बंदरावर अडवलेला अभियंता

१८८९ साली युरोपातून निघालेले एक जहाज न्यूयॉर्कच्या बंदराला लागले. अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी येणाऱ्या परदेशी लोकांची तपासणी त्या काळी तेथील ‘कॅसल गार्डन’ या ठिकाणी होत असे. तपासणीसाठी आलेल्यांत चोवीस वर्षांचा एक जर्मन तरुण होता. उंची जेमतेम चार फूट, पाठीला जन्मजात कुबड, जवळ पैसे नाहीत आणि इंग्रजीचे ज्ञान अगदी तुटपुंजे. असा मनुष्य देशावर भार होईल, असे अधिकाऱ्यांना वाटले आणि ते त्याला परत पाठवण्याच्या बेतात होते. तेव्हा सोबतचा मित्र पुढे झाला व त्याने या तरुणाची हमी घेतली. त्यामुळेच त्याला प्रवेश मिळाला. विद्युत अभियांत्रिकीच्या इतिहासात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते चार्ल्स स्टाइनमेट्झ हेच होत.

स्टाइनमेट्झ यांचे मूळ नाव कार्ल. ९ एप्रिल १८६५ रोजी प्रशियातील ब्रेस्लाउ या शहरी त्यांचा जन्म झाला. हे शहर आज पोलंडमध्ये असून व्रोत्स्वाफ या नावाने ओळखले जाते. ते वर्षाचे असतानाच आईचे छत्र हरपले. वडील रेल्वेच्या नोकरीत होते. ब्रेस्लाउच्या विद्यापीठात कार्ल यांनी गणिताचा अभ्यास केला. जर्मनीत त्या वेळी समाजवादी चळवळीवर कायद्याने बंदी होती. तरीही कार्ल त्या चळवळीत सामील झाले व तिच्या वृत्तपत्राचे काम पाहू लागले. १८८८ साली पोलीस मागावर असल्याचे कळताच त्यांना देश सोडावा लागला. डॉक्टरेटचा अभ्यास पूर्ण होत आला होता, पण पदवी हाती न घेताच ते स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे गेले आणि तेथून अमेरिकेस आले.

न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स गावी रुडॉल्फ आयकेमायर यांचा कारखाना होता. आयकेमायर स्वतः १८४८च्या क्रांतीनंतर जर्मनी सोडून आलेले. त्यांनी या तरुणाला आराखडे काढण्याच्या कामावर घेतले. नव्या देशात कार्लचे ‘चार्ल्स’ झाले. विद्यापीठातील मित्रांनी ठेवलेले ‘प्रोटिअस’ हे टोपणनावही त्यांनी आपल्या नावात कायमचे घेतले. प्रोटिअस हा ग्रीक पुराणातील, हवे ते रूप धारण करणारा सागरदेव होय.

स्टाइनमेट्झ यांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी विजेविषयी थोडे जाणून घेतले पाहिजे. आपल्या घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते. म्हणजे तिचा प्रवाह सतत दिशा बदलतो. भारतात ही आवर्तने सेकंदाला ५० होतात. मोटारीतील किंवा रोहित्रातील लोखंडाचे चुंबकत्वही तितक्याच वेळा उलटसुलट होते. या क्रियेत काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. या घटनेला ‘हिस्टेरिसिस’ म्हणतात. ही हानी किती होईल, हे यंत्र बांधून, चालवून पाहिल्यावरच कळत असे. स्टाइनमेट्झ यांनी अनेक प्रयोगांतून तिचे गणिती सूत्र शोधले व १८९२ साली ते अभियंत्यांच्या सभेत मांडले. त्यामुळे यंत्र बांधण्यापूर्वीच, कागदावर, हानीचा अंदाज करणे शक्य झाले.

दुसरी अडचण याहून मोठी होती. प्रत्यावर्ती विजेत दाब आणि प्रवाह एकाच क्षणी शिखर गाठतातच असे नाही. एक पुढे, तर दुसरा मागे राहतो. म्हणून प्रत्येक राशीचे दोन पैलू लक्षात घ्यावे लागतात : ती किती मोठी आणि ती किती मागेपुढे. त्यासाठी कलनशास्त्रातील किचकट समीकरणे सोडवावी लागत. संमिश्र संख्येत दोन पैलू एकत्र मांडता येतात, हे गणिताच्या या विद्यार्थ्याला ठाऊक होते. १८९३ साली शिकागो येथील परिषदेत त्यांनी दाखवून दिले की, अशा संख्या वापरल्यास हेच काम साध्या बीजगणिताने होते. मूठभर पंडितांची विद्या त्यामुळे सामान्य अभियंत्याच्या आवाक्यात आली. आजही विद्युत अभियांत्रिकीचे विद्यार्थी हीच रीत शिकतात.

पुढे आयकेमायर यांचा व्यवसाय जनरल इलेक्ट्रिक कंपनीने विकत घेतला. १८९४पासून स्टाइनमेट्झ त्या कंपनीच्या स्केनेक्टडी या गावी राहू लागले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. तेथील युनियन कॉलेजात त्यांनी अध्यापनही केले. १९०३ साली याच कॉलेजने त्यांना डॉक्टरेट दिली. ब्रेस्लाउला हुकलेला मान पंधरा वर्षांनी असा पदरी पडला. १९२२ साली त्यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम वीज पाडून दाखवली. आकाशातील विजेपासून तारांचे रक्षण कसे करावे, हे त्यांना अभ्यासायचे होते.

कुबड वंशपरंपरेने पुढे जाऊ नये म्हणून ते अविवाहित राहिले. आपल्या एका सहकाऱ्याला मात्र त्यांनी पुत्र मानले आणि त्याच्या मुलांचे ते आजोबा झाले. गावाच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्षपद मिळाल्यावर, परदेशांतून आलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी खास वर्ग सुरू करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. शाळांसाठी डॉक्टर व परिचारिका नेमवून घेतल्या. भाषा न येणाऱ्या नवख्या माणसाची अवस्था त्यांनी स्वतः भोगली होती.

२६ ऑक्टोबर १९२३ रोजी त्यांचे निधन झाले. बंदरावरच्या अधिकाऱ्यांनी पाहिले ते त्यांचे शरीर आणि रिकामा खिसा. सोबत आणलेली विद्या त्यांना दिसली नाही. ती मित्राला दिसली होती.