हिवाळ्याचा हुकूम आणि एका साके-घराण्याची चार शतके

जपानमध्ये दोनशे, तीनशे, पाचशे वर्षे चालत आलेल्या पेढ्या इतक्या आहेत की तिथे एखादे दुकान जुने असणे ही बातमी होत नाही. मिठाईवाले, पंखे करणारे, सोयासॉसवाले, साकेवाले, सगळ्यांच्या पाट्यांवर स्थापनेचे साल असते. क्योतोच्या दक्षिणेला फुशिमी नावाचे गाव आहे (आता ते क्योतो शहराचाच भाग झाले आहे). तिथल्या ‘गेक्केइकान’ या साके कंपनीचे साल आहे 1637. तेव्हापासून आजपर्यंत ती एकाच ओकुरा घराण्याकडे आहे आणि सध्याची पिढी चौदावी.

अशा सालांकडे आपण सहसा आदराने पाहतो. चार शतके टिकले म्हणजे काहीतरी जिवापाड जपले असणार, असे मनात येते. गेक्केइकानचा इतिहास मात्र निराळे सांगतो. या घराण्याने जपले त्यापेक्षा सोडले जास्त. आणि जे सोडले, त्यातले बरेचसे ज्याला आपण ‘परंपरा’ म्हणतो तेच होते.

मूळ पुरुष जिएमोन ओकुरा. क्योतोच्या आग्नेयेला डोंगरात कासागी नावाचे गाव आहे, तिथून तो फुशिमीला आला आणि गावाच्या नावावरून दुकानाचे नाव ‘कासागिया’ ठेवले. साकेचे नाव होते ‘तामा नो इझुमी’. जागा त्याने हेरून निवडली होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तोयोतोमी हिदेयोशीने फुशिमीला किल्ला बांधला, नदीचे प्रवाह वळवून बंदर केले आणि खेड्याचे शहर झाले. पुढे किल्ला गेला, पण बंदर राहिले. ओसाकाहून योदो नदीने वर येणाऱ्या होड्या इथे लागत, माणसे उतरत, रात्रीचा मुक्काम करीत. प्रवासी, हमाल, नावाडी हे सगळे गिऱ्हाईक.

दुसरे कारण पाणी. फुशिमी हे नाव पूर्वी ज्या चित्राक्षरांनी लिहीत, त्यांतही ‘पाणी’ हे अक्षर होते. मोमोयामा टेकड्यांत मुरलेले पाणी इथे जमिनीखालून वाहते आणि थोडे खणले की लागते. गोकोनोमिया या देवळातल्या झऱ्याचे नावच ‘सुगंधी पाणी’. साकेचा बहुतांश भाग पाणीच असतो, त्यामुळे पाण्याचा स्वभाव साकेत उतरतो. कोबेजवळच्या नादा भागातले पाणी जड. त्यातली खनिजे यीस्टला जोर देतात आणि साके करकरीत होते. फुशिमीचे पाणी त्या मानाने मऊ, साकेही मऊ. जपानी लोक नादाच्या साकेला ‘पुरुषी’ आणि फुशिमीच्या साकेला ‘बायकी’ म्हणतात. विशेषणे त्यांची आहेत, माझी नव्हेत.

साके होते कशी हे थोडे सांगायला हवे, नाहीतर पुढचे नीट कळणार नाही. मराठीत आपण दारू ‘गाळतो’. हे क्रियापद भट्टीवरच्या दारूचे आहे आणि साकेला भट्टी लागत नाही. ती आंबवून, पिळून काढतात. अडचण अशी की तांदळात साखर नसते, स्टार्च असतो, आणि यीस्टला खायला साखर लागते. बिअरवाले धान्याला मोड आणून हा प्रश्न सोडवतात. जपान्यांनी तो बुरशीवर सोपवला. वाफवलेल्या तांदळावर ‘कोजी’ नावाच्या बुरशीचे बी भुरभुरवतात आणि उबदार, दमट खोलीत दोन दिवस सांभाळतात. बुरशी तांदळात शिरते आणि तिची विकरे स्टार्चची साखर करू लागतात. मग हा कोजी, आणखी वाफवलेला तांदूळ, पाणी आणि यीस्ट असे टप्प्याटप्प्याने एकत्र करतात. बिअरमध्ये आधी साखर होते आणि नंतर तिची दारू. इथे एकाच पिंपात एकीकडे साखर तयार होत असते आणि दुसरीकडे ती संपत असते. दोन्हींची गती जुळवणे हेच सगळे कसब. ते जमले तर पाणी घालण्यापूर्वी मद्यार्क वीस टक्क्यांपर्यंत चढतो, आणि तोही ऊर्ध्वपातनाशिवाय.

ही गती थंडीत सांभाळायला सोपी जाते. उन्हाळ्यात पिंप तापते, नको ते जंतू माजतात. म्हणून साके हिवाळ्यात करायची, हे आज जपानी माणूस निसर्गनियमासारखे सांगतो. पण सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साके हिवाळ्यापुरती नव्हती. वर्षभरात वेगवेगळ्या वेळी ती करीत आणि प्रत्येक वेळच्या साकेला निराळे नाव होते. 1673च्या सुमारास तोकुगावा सरकारने हुकूम काढला की साके फक्त थंडीत करायची. कारण चवीचे नव्हते, तांदळाचे होते. तांदूळ हेच त्या काळचे चलन, कर तांदळात, सरदारांचे उत्पन्न तांदळात. किती तांदूळ साकेत जातो यावर लगाम हवा होता आणि एकाच हंगामात साके केली की मोजदाद सोपी. थंडीतली साके चांगली होतेच, त्यामुळे हुकूम पचला. शंभर-दीडशे वर्षांत तो हुकूम होता हेही लोक विसरले आणि ती परंपरा झाली.

त्या हुकुमाने एक समाजही घडवला. हिवाळ्यात उत्तरेकडच्या आणि डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांना काम नसे, शेते बर्फाखाली. हे शेतकरी साकेच्या वखारींवर, म्हणजे ‘कुरा’वर, मजुरीला येऊ लागले. त्यांना ‘कुराबितो’ म्हणत आणि त्यांच्या मुकादमाला ‘तोजी’. मुकादम हा शब्द खरे तर अपुरा आहे. कोजीचा वास, पिंपातल्या फेसाचा आकार, बुडबुड्यांचा आवाज यांवरून आत काय चालले आहे ते ओळखणारा तो जाणकार. मालक भांडवल घाली, विक्री बघे, पण साके तोजीची. कित्येक ठिकाणी मालकाला कुरामध्ये ढवळाढवळ करायची सोय नव्हती. वसंतात सगळे घरी जात आणि भातलावणी करीत.

या सगळ्या काळात कासागिया काय करीत होते? फारसे काही नाही. 1657 साली फुशिमीत 83 साकेवाले होते. पलीकडे क्योतो शहर असूनही तिथे बाहेरची साके न्यायला निर्बंध होते. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, मोठ्या बाजारावर समुद्रकाठच्या नादाने जहाजांच्या जोरावर कब्जा केला. फुशिमी मागे पडले. त्या 83 घरांपैकी आज दोनच उरली आहेत आणि गेक्केइकान त्यांतले एक. 1868च्या जानेवारीत नवे सम्राट-सरकार आणि जुने शोगुन-सरकार यांची पहिली लढाई तोबा-फुशिमीलाच झाली, गावाचा मोठा भाग जळला. आसपासची घरे गेली, ओकुरांचे 1828 साली बांधलेले घर वाचले. अडीचशे वर्षांच्या टिकण्यात इथे निव्वळ नशिबाचा भाग आहे आणि तो मोजल्याशिवाय ‘शतकांची परंपरा’ असले शब्द वापरू नयेत असे मला वाटते.

खरी कथा सुरू होते 1886 साली. वडील गेले, थोरला भाऊ गेला आणि जेमतेम बारा-तेरा वर्षांच्या त्सुनेकिचीवर, अकराव्या पिढीवर, सगळा भार आला. उत्पादन होते वर्षाला पाचशे कोकू, म्हणजे नव्वद हजार लिटरच्या आसपास. साके-घराण्याच्या मानाने किरकोळच. हा मुलगा कुरामध्ये उतरला, कुराबितोंच्या बरोबरीने कामाला लागला. मालकाने ज्या उंबऱ्याच्या आत यायचे नसते तो त्याने ओलांडला, आणि पुढच्या साऱ्या बदलांचे मूळ मला तिथे दिसते.

त्याच्या भोवतीचा देशही बदलत होता. 1889 साली टोकियोपासून पश्चिमेकडचा लोहमार्ग पूर्ण झाला आणि नादाच्या जहाजांची मक्तेदारी ढिली पडली. त्सुनेकिचीने साके आगगाडीने टोकियोला धाडली. सरकारला लष्करासाठी पैसा हवा होता आणि साकेवरचा कर हे त्याचे हुकमी साधन होते. 1899 साली घरगुती साके करण्यावर बंदी आली आणि त्याच सुमारास मद्यकराचे उत्पन्न जमीनमहसुलाच्याही पुढे गेले. साके नासली तर मालकाचे दिवाळे निघे, सरकारचाही कर बुडे. सरकारने साकेचे शास्त्र हाती घेतले ते यामुळे. 1904 साली सरकारी संशोधन संस्था निघाली आणि चांगल्या कुरांमधले यीस्ट वेगळे काढून देशभर वाटणे सुरू झाले. त्या यादीतले दोन नंबरचे यीस्ट ओकुरांच्या कुरामधले.

1905 साली त्सुनेकिचीने नवे नाव घेतले, ‘गेक्केइकान’. अर्थ ग्रीक विजेत्यांच्या डोक्यावरचा लॉरेलचा मुकुट. साकेची नावे पर्वत, झरे, पाने-फुले यांवरून ठेवायच्या दिवसांत हे नाव कानाला परकेच वाटले असणार. 1909 साली त्याने स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि विद्यापीठात शिकलेला माणूस तिथे बसवला. साकेच्या धंद्यात हे नवल होते.

प्रयोगशाळेसमोरचा प्रश्न नासण्याचा. साके पिळल्यावर साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापवून जंतू मारायची रीत जपानमध्ये सोळाव्या शतकापासून होती. नारा इथल्या एका मठाच्या रोजनिशीत तिची नोंद आहे. पाश्चरच्या तीनशे वर्षे आधीची. पण तापवलेली साके लाकडी पिंपात ओतली की तिथले जंतू तिला पुन्हा बाटवत. पांढरट, आंबूस झालेल्या साकेला ‘हिओची’ म्हणत. मेइजी काळात परदेशी सल्लागारांच्या सांगण्यावरून सॅलिसिलिक आम्ल घालायची पद्धत पडली आणि ती देशभर रूढ झाली. त्सुनेकिचीने 1911 साली हे आम्ल न घालता, स्वच्छ बाटल्यांत भरलेली साके बाजारात आणली. बाकीच्या धंद्याने ते आम्ल पुरते सोडायला 1969 साल उजाडले.

इथे एक आडवळण घेतो. हिओचीचे जंतू कशावर जगतात याचा शोध जपानी शास्त्रज्ञ पुढेही घेत राहिले आणि 1956 साली त्यांना एक आम्ल सापडले. अमेरिकेतही त्याच सुमारास तेच सापडले होते, मेव्हॅलॉनिक आम्ल. आपल्या शरीरात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या वाटेवरचा हा टप्पा आहे. स्टॅटिनच्या गोळ्या हे आम्लच तयार होऊ देत नाहीत. रात्री जेवणानंतर ती गोळी घेणाऱ्या वाचकांचे नासलेल्या साकेशी असे लांबचे नाते आहे.

बाटलीने आणखी एक गोष्ट केली. पूर्वी साके पिंपातून मोजून मिळे. दुकानदार तीत पाणी घाली, तिचे नाव बदली. बाटलीवर मालकाचे नाव गिऱ्हाइकाच्या हातापर्यंत पोचले. 1910 साली निघालेल्या एका छोट्या बाटलीला तर झाकणावर पेला बसवलेला होता. आगगाडीच्या फलाटांवर ती विकली जाई, आणि जपानभर हिंडणाऱ्या माणसांनी फुशिमीचे नाव त्या पेल्यातून ओळखले.

म्हणजे या घराण्याने सगळेच बदलू दिले का? नाही. 1928 साली सम्राटाचा राज्यारोहण सोहळा क्योतोला होणार होता आणि त्यासाठी नाराकडून येणारी विजेची आगगाडी घाईने बांधली जात होती. फुशिमीत ती जमिनीखालून न्यायचा बेत होता. साकेवाले एकजुटीने उभे राहिले. बोगदा पाण्याच्या आड येईल, विहिरी आटतील. विद्यापीठातल्या तज्ज्ञाकडून पाहणी झाली, भीती खरी ठरली आणि रेल्वेने बोगदा सोडून पूल बांधला. आजही ती गाडी फुशिमीत डोक्यावरून जाते. लाकडी पिंप गेले तर चालेल, पाणी जाता कामा नये, हे त्यांना पक्के माहीत होते.

युद्धाचा काळ आणि त्यानंतरची तांदळाची टंचाई सगळ्यांनाच सोसावी लागली. मद्यार्क, ग्लुकोज आणि आम्ले घालून साके तिप्पट करायची सवय 1949पासून लागली आणि टंचाई संपल्यावरही गेली नाही. साकेची बदनामी त्याने जितकी केली तितकी दुसऱ्या कशाने केली नसेल.

मग 1961. गेक्केइकानने ‘ओतेगुरा’ ही नवी इमारत बांधली. आतली हवा यंत्राने गार ठेवलेली, साके बाराही महिने. जपानमधली अशी ही पहिली. कारण सरळ होते. उद्योगधंदे वाढत होते, शेतकऱ्यांच्या मुलांना गावाजवळ बारमाही नोकऱ्या मिळत होत्या. घरदार सोडून पाच महिने कुरामध्ये राहायला कोण येणार? कंपनीने कामगार पगारावर घेतले. रविवारी सुट्टी, संध्याकाळी घर.

टीकाकार म्हणाले, परंपरा मोडली. पण जिएमोनने दुकान मांडले ते 1637 साली, आणि साके हिवाळ्यापुरती करणारा हुकूम आला 1673च्या सुमारास. म्हणजे ओतेगुराने जी मोडली ती कासागिया दुकानापेक्षा लहान वयाची होती, आणि बारमाही साके ही एका अर्थाने जिएमोनच्या काळाकडे परत जाणे होते.

हा युक्तिवाद मला पटतो, पण पुरता नाही. हुकुमातून का होईना, तोजी घडला होता. ते ज्ञान कानांत, नाकात, तळहातात होते आणि बापाकडून मुलाकडे, गावातल्या गावात जाई. तापमापक आणि प्रयोगशाळेने त्यातले पुष्कळसे टिपून घेतले. पुढे गेक्केइकानने तर तांदूळ वाफवण्याऐवजी विकरांनी पातळ करून घ्यायची पद्धतही काढली. साके नासणे थांबले, स्वस्त झाली, एकसारखी झाली. पण ज्या गावांतून हिवाळ्यात माणसे टोळीने निघत, कामाच्या तालावर म्हणायची गाणी पाठ असत, ती गावे त्या हिशेबात कुठेच धरलेली नाहीत. कुराबितोच्या बाजूने पाहिले तर पाच महिने बायकामुलांपासून दूर राहणे संपले, हेही खरे. दोन्ही खरे आहे आणि एकाने दुसरे पुसले जात नाही.

इतके करूनही साके मागेच पडत गेली. 1973 साली जपानमध्ये तिचा खप सर्वाधिक होता. आज तो त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास आहे. बिअर, वाइन, व्हिस्की यांनी जागा घेतली. गेक्केइकानने 1989 साली कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम गावी कंपनी काढली. तिथे सॅक्रामेंटो खोऱ्यातला तांदूळ आणि सिएरा नेवाडाच्या बर्फाचे मऊ पाणी मिळते. साकेवाल्याने जागा बघताना काय बघायचे, ते जिएमोनपासून बदललेले नाही.

डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने कोजी वापरून मद्य करण्याच्या जपानी कौशल्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. त्यात तोजी आणि कुराबितो यांच्या हातांच्या जाणकारीचा गौरव आहे. फुशिमीत ओकुरांच्या मेइजी काळातल्या पांढऱ्या भिंतींच्या कुरामध्ये आता संग्रहालय आहे. माणूस बुडेल एवढी लाकडी पिंपे, लांब दांड्यांची ढवळणी, कुराबितोंच्या वापरातली अवजारे तिथे मांडून ठेवली आहेत. अंगणात एक विहीर आहे. तिचे पाणी पाहुण्यांना चाखायला देतात, आणि साकेही त्याच पाण्याची होते.