निधी जिल्ह्याचा, उंबरठा जळकोटचा

लातूर जिल्ह्यातील जळकोटसारख्या तालुक्यापर्यंत मानसिक आरोग्याचा सरकारी पैसा पोहोचतो तो प्रामुख्याने १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून. १९८२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा हा विस्तार असून त्याचे एकक तालुका नव्हे, जिल्हा आहे. केंद्राच्या निकषांनुसार एका जिल्ह्याला वर्षाला ८३.२० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते आणि त्यातच मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका यांचे पथक, औषधे, प्रशिक्षण व जनजागृती बसवावी लागते.

मनुष्यबळ विकास, म्हणजे उपचार करणारी माणसे घडवणे, हा यातील सर्वांत अवघड भाग होय, कारण निधी एका वर्षात मंजूर होतो, पण मनोविकारतज्ज्ञ घडायला एमबीबीएसनंतरही तीन वर्षे लागतात. म्हणूनच शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांत आलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाने आशा कार्यकर्तीला, म्हणजे गावातल्याच प्रशिक्षित आरोग्य स्वयंसेविकेला, नैराश्याची लक्षणे ओळखण्याचे काम दिले. ओसरीवर टेकून ती झोप, भूक, कर्जाचा घोर यांची विचारपूस करते. मात्र एवढ्या नाजूक कामासाठी तिला नियमित वेतन नसून मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो, ही या रचनेतील सर्वांत मोठी उणीव आहे. याशिवाय, फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या ‘टेली मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे.