वाद घालण्याचे शिक्षण

अनसिंगसारख्या बाजारगावात सोयाबीनच्या भावावरून दोन माणसे हमरीतुमरीवर आली, तरी त्या भांडणाला मर्यादा असते. उद्या त्याच अडत्याच्या ओट्यावर, वाशीमच्या त्याच एस.टी.त शेजारी बसावयाचे आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मात्र हीच माणसे एकमेकांची जात, कूळ आणि अक्कल काढू लागतात. त्यांचा स्वभाव एकाएकी बिघडला असे नव्हे. समोरच्याचा उतरलेला चेहरा दिसेनासा झाला आणि टाळ्या देणारे मात्र शेकड्यांनी जमले. जे फुकट मिळते त्याची उधळपट्टी होते, हा बाजारातला अनुभव अपशब्दांनाही लागू पडतो.

फुकट असतो तो बोलणाऱ्यापुरताच. किंमत दुसराच कोणी चुकवितो. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील एका मजकुरासाठी अटक झाली. ज्या ६६-अ कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केले. पुढे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने निरोप पुढे धाडण्यावर भारतात पाचांची मर्यादा घातली. कंपनीने झडपा बसविल्या. पाणी गढूळ का होते, हे पाहणे तिचे काम नव्हते.

ते काम शाळेचे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली दहा जीवनकौशल्ये सांगितली. चिकित्सक विचार, समानुभूती आणि भावनांवर ताबा ही त्यांपैकीच. परंतु समानुभूतीची व्याख्या पाठ करून ती अंगी बाणत नाही. आपल्याकडे वादाचे शिक्षण म्हणजे वक्तृत्वस्पर्धा! तेथे ढाल मिळते ती आवेशाला. ऐकून घेणाऱ्याला कधी बक्षीस मिळाल्याचे स्मरत नाही.

वास्तविक हे शास्त्र आपल्याला परके नाही. न्यायदर्शनाने तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची पाडते ती वितंडा, असा भेद फार पूर्वीच केला आहे. आधी पूर्वपक्ष मांडावा, मगच खंडन करावे, हा तर शास्त्रार्थाचा रिवाज. अकोल्याच्या शाळेत शिकलेले आगरकर आणि त्यांचे सहकारी टिळक यांच्यातील वाद काही मवाळ नव्हता; ‘केसरी’ सोडून आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला आणि दोन्हींकडून जिव्हारी लागेल असे लिहिले गेले. तरी कोणता प्रहार कोणाचा, हे वाचकाला ठाऊक असे आणि साप्ताहिकाच्या पुढील अंकापर्यंत रागाला निवावयास अवधी मिळे. १८९५ साली आगरकर गेले, तेव्हा ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच.

आठवी-नववीच्या वर्गात एवढे करता येईल: गावातलाच एखादा प्रश्न घ्यावा, उदाहरणार्थ, विहिरीच्या पाण्यावर पहिला हक्क पिकाचा की पिण्याचा. प्रत्येकाने आधी प्रतिपक्षाचे म्हणणे सांगावे. ‘होय, मला हेच म्हणावयाचे होते’ असे तो कबूल करील, तेव्हाच उत्तराची पाळी यावी. मत बदलले तर ते उघड सांगणाऱ्यालाही गुण असावेत. यासाठी ना संगणक लागतो, ना अनुदान. आठवड्याचा एक तास लागतो, आणि विद्यार्थ्याने आपलेच विधान खोडून काढले तरी त्याला खाली बस न म्हणणारा शिक्षक. तास वेळापत्रकातून काढता येईल. अशा शिक्षकाची तयारी मात्र अध्यापक विद्यालयांपासूनच करावी लागेल.