पाण्याखालचीं गांवें आणि पाणबुड्याची विद्या

कोल्हापूरच्या दक्षिणेस, कात्यायनीच्या वाटेवर, कळंब्याचा तलाव आहे. शहरास पिण्याचें पाणी मिळावें म्हणून संस्थानच्या काळांत तो बांधला गेला. सायंकाळीं बांधावर फिरावयास आणलेलें मूल पाण्याकडे पाहून वडिलांना हटकून विचारतें, "याच्या खालीं काय आहे?" कळंब्यापुरतें उत्तर सोपें आहे : गाळ, दगड आणि मासे. परंतु हाच प्रश्न मोठ्या धरणांविषयीं विचारला तर उत्तर देतांना क्षणभर थांबावें लागतें. कारण तेथें पाण्याखालीं गांवें आहेत.

१९२१ सालीं मुळशीच्या शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला व पुढें सेनापति बापट त्या लढ्याचे अग्रणी झाले, तो याच कारणासाठीं. तरीही खोरें पाण्याखालीं गेलेंच. १९६४ सालीं कोयनेचें धरण पुरें झालें आणि शिवसागराखालीं अनेक गांवें लुप्त झालीं. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. भीमाकांठचें जुनें पळसदेव त्याच्या जलाशयांत गेलें. गोव्यांत साळावलीच्या धरणानें कुर्डी हें गांव घेतलें. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांच्या नांवांत हें गांव अद्याप नांदत आहे. आणि मोगूबाईंचे गुरु अल्लादियाखांसाहेब हे कोल्हापूर दरबारचे गवई, म्हणून कोल्हापूरकरांस तरी कुर्डी अगदींच परकी वाटूं नये.

अलीकडे तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावर जाऊन पाठीवर हवेचें नळकांडें बांधून समुद्रांत बुडी मारण्याची हौस घरोघरच्या तरुणांस लागली आहे. यासच स्कूबा म्हणतात. मग सहज मनांत येतें कीं, याच साधनानें धरणाच्या तळाशीं जाऊन बुडालेलें गांव पाहतां येणार नाहीं काय? येईल, परंतु त्यापूर्वीं ही विद्या थोडी समजून घेतली पाहिजे.

१९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो आणि गान्यां या दोघांनीं एक झडप सिद्ध केली. पाणबुड्यानें श्वास ओढला कीं ती उघडते आणि भोंवतालच्या पाण्याचा जितका दाब, तितक्याच दाबाची हवा त्यास देते. पाण्यांत दर दहा मीटर खोलीस दाब सुमारें एका वातावरणानें वाढतो. म्हणजे दहा मीटरवर तो दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. हवाही त्याच हिशेबानें खर्च होते. बारा लिटरच्या नळकांड्यांत दोनशे वातावरणांच्या दाबानें २,४०० लिटर हवा कोंबलेली असते. मिनिटास वीस लिटर हवा लागते असें धरलें, तर पृष्ठभागीं ती दोन तास पुरेल. वीस मीटरवर मात्र चाळीसच मिनिटें, आणि त्यांतूनही परतीसाठीं शिल्लक राखावी लागते. वर येतांना श्वास कोंडून धरणें तर प्राणघातक आहे. कारण दाब कमी होतांच छातींतील हवा फुगते व फुफ्फुस फाटूं शकतें.

दुसरा धोका नत्रवायूचा. खोलींत तो रक्तांत व शरीराच्या घटकांत विरघळतो. माणूस झपाट्यानें वर आला, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. सांधे धरतात, प्रसंगीं पक्षाघातही होतो. हॉल्डेन या शास्त्रज्ञानें १९०८ सालीं टप्प्याटप्प्यानें वर येण्याचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. परंतु तीं समुद्रसपाटीच्या हिशेबाचीं आहेत. कोयनेचा जलाशय भरला असतां त्याचें पाणी समुद्रसपाटीहून सुमारें ६५० मीटर उंचावर असतें. तेथें हवेचा दाब सात-आठ टक्क्यांनीं कमी. म्हणून तितक्याच खोलीवरून वर येतांना तेथें बुडबुड्यांचें भय अधिक असतें व हिशेब निराळा करावा लागतो. याच कारणास्तव तारकर्लीस बुडी मारून त्याच दिवशीं घाट चढून घरीं येणाऱ्यांनींही, शिक्षकाच्या सल्ल्यानें, कांहीं तास किनाऱ्यावर थांबणें हिताचें.

याखेरीज धरणाचे स्वतःचे धोके आहेत. गाळामुळें पुढें केलेला हातही दिसेनासा होतो. बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत मासेमारीचीं जाळीं अडकलेलीं असतात. विमोचकाच्या तोंडाशीं पाण्याची ओढ इतकी प्रबळ असते कीं, तींतून बलदंड माणसाचीही सुटका नाहीं. म्हणून परवानगीवांचून व जाणत्या सोबत्यावांचून धरणांत उतरणें हें धाडस नव्हे, अविचार होय.

एवढें करून तळाशीं दिसेल तरी काय? चीनमध्यें १९५९ सालीं शिचेंग नांवाचें प्राचीन नगर एका धरणाखालीं गेलें. २००१ सालीं पाणबुडे तेथें उतरले, तेव्हां कोरीव कमानी व वेशी जशाच्या तशा उभ्या आढळल्या. कारण तें नगर सदोदित खोल पाण्यांत राहिलें. ऊन, वारा व पाऊस यांचा त्यास स्पर्शही झाला नाहीं. आपल्याकडे प्रकार उलटा आहे. धरणें पावसाळ्यांत भरतात व उन्हाळ्यांत उतरतात. पाण्याच्या चढउताराच्या पट्ट्यांतील मातीच्या भिंती या दरसालच्या भिजण्या-वाळण्यानें विरघळून जातात; टिकतो तो घडीव दगड. म्हणूनच उजनीचें पाणी ओसरलें कीं पळसदेवचें पळसनाथाचें देऊळ वर येतें, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस कुर्डीचे जोते व पायऱ्या उघड्या पडतात. पाणबुड्याचें काम आपल्याकडे दुष्काळच करितो.

कुर्डीचें जुनें महादेव-मंदिर दगड दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हां उभारण्यांत आलें. मंदिर असें हलवितां आलें. गांव तसें हलवितां येत नाहीं. मे महिन्यांत तेथील जुने रहिवासी, हिंदू व ख्रिस्ती दोघेही, आपापल्या सणांसाठीं त्या भेगाळलेल्या भूमीवर जमतात. एखादी आजी नातवाला हात धरून एका जोत्यापाशीं नेते आणि सांगते, "हें आपलें स्वयंपाकघर." त्या ठिकाणीं परक्यास दिसतात ते केवळ चार दगड.

पाणबुड्याची विद्या थोर खरीच. ती जोत्याची लांबी मोजील, देवळाचें छायाचित्र आणील, नकाशाही काढील. परंतु त्या नकाशावर कोणाचें घर कोठें होतें, विहीर कोणाची, पाराखालीं कोण बसे, हीं नांवें लिहिणारीं माणसें आतां वृद्ध झालीं आहेत. दगड आणखी शंभर वर्षें तळाशीं वाट पाहतील. माणसें पाहणार नाहींत. म्हणून ज्यांच्या घरीं धरणग्रस्त गांवांतून आलेलें एखादें वडीलधारें माणूस असेल, त्यांनीं या सुटींत कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसावें आणि गांवाची वेस कोठें होती येथपासून विचारावयास प्रारंभ करावा. या बुडीस नळकांडें लागत नाहीं.