क्रूझ जहाजे पुन्हा भरली: आकडे आणि आपली माणसे

"मुलगा बोटीवर आहे," हे वाक्य आपल्या किनारपट्टीवरील ख्रिस्ती घरांत नवे नाही. गोव्यात तर जहाजावर नोकरी करणाऱ्यास 'तारवटी' असे स्वतंत्र नावच आहे. मुंबईच्या धोबी तलाव परिसरातील गोवेकरांच्या कुडांनी, म्हणजेच एकेका गावाच्या नावाने चालणाऱ्या सामाईक निवासांनी, बोटीची वाट पाहणाऱ्या कित्येक पिढ्यांना आसरा दिला आहे. पूर्वी ही माणसे मालवाहू व प्रवासी आगबोटींवर जात. आज त्यांच्यापैकी अनेकजण क्रूझ जहाजांवर स्वयंपाकघर, भोजनगृह, खोल्यांची देखभाल व यंत्रविभाग अशा ठिकाणी काम करतात. म्हणूनच क्रूझ व्यवसायातील चढउतार ही आपल्या दृष्टीने परदेशची बातमी नसून घरची बातमी आहे.

२०२० साली हा व्यवसाय जगभर ठप्प झाला. आज तो पूर्वीपेक्षाही मोठा झाला आहे. हे कसे घडले, प्रवासीसंख्येचे आकडे काय सांगतात व काय सांगत नाहीत, हे समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

व्यवसाय थांबला तो काळ

३ फेब्रुवारी २०२० रोजी 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज जपानमधील योकोहामा बंदरात आले. आधी हाँगकाँग येथे उतरलेल्या एका प्रवाशास कोरोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले होते. जहाजावर प्रवासी व कर्मचारी मिळून ३,७११ माणसे होती. जहाज विलगीकरणात ठेवण्यात आले आणि अखेरीस त्यांपैकी ७१२ जणांना लागण झाल्याचे आढळले. या जहाजावर १३८ भारतीय होते. त्यांत प्रवासी केवळ ६ आणि कर्मचारी १३२. प्रवाशांना आपापल्या खोल्यांत थांबण्यास सांगण्यात आले, परंतु त्यांना जेवण पोहोचविण्याचे काम कर्मचाऱ्यांनाच करावे लागले, आणि कर्मचाऱ्यांच्या खोल्या सामाईक होत्या. फेब्रुवारीच्या अखेरीस भारत सरकारने विशेष विमानाने ११९ भारतीयांना मायदेशी आणले.

मार्चच्या मध्यास क्रूझ कंपन्यांनी आपल्या फेऱ्या थांबविल्या व अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने १४ मार्च रोजी जहाजांना प्रवासी घेऊन निघण्यास मनाई केली. प्रवासी टप्प्याटप्प्याने घरी गेले. कर्मचारी मात्र जहाजांवरच राहिले. एप्रिलच्या मध्यास एकट्या अमेरिकेच्या किनाऱ्यांलगत सुमारे १०० क्रूझ जहाजे व त्यांवर सुमारे ८०,००० कर्मचारी असल्याचे त्या यंत्रणेने नमूद केले होते. बंदरे बंद, विमाने बंद, आणि अनेक देशांनी आपल्याच नागरिकांना उतरू देण्यास विलंब लावलेला. भारतातही टाळेबंदी होती. मुंबईच्या समुद्रात थांबलेल्या 'मारेला डिस्कव्हरी' या जहाजावरील सुमारे दीडशे भारतीय कर्मचाऱ्यांना २३ एप्रिल २०२० रोजी उतरता आले, तेही केंद्र सरकारने खास नियमावली जाहीर केल्यानंतर. किनारा डोळ्यांसमोर असूनही घरी जाता येत नाही, ही वेदना त्या दिवसांत गोव्यातील व मुंबईतील अनेक कुटुंबांनी अनुभवली.

आकडे काय सांगतात

क्रूझ कंपन्यांची जागतिक संघटना 'क्रूझ लाइन्स इंटरनॅशनल असोसिएशन' दरवर्षी प्रवासीसंख्या प्रसिद्ध करते. तिच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये २ कोटी ९७ लाख प्रवाशांनी समुद्री क्रूझचा प्रवास केला. २०२० मध्ये ही संख्या ५८ लाखांवर आणि २०२१ मध्ये ४८ लाखांवर आली. २०२१ चा आकडा २०२० पेक्षाही कमी कसा, असा प्रश्न वाचकांना पडेल. २०२० चे पहिले अडीच महिने जहाजे नेहमीप्रमाणे चालू होती, हे त्याचे कारण होय. २०२१ मध्ये मात्र अर्धे वर्ष बहुतेक जहाजे नांगरलेलीच होती. अमेरिकेतून प्रवासी घेऊन पहिले मोठे जहाज पुन्हा निघाले ते २६ जून २०२१ रोजी.

२०२२ मध्ये प्रवासी २ कोटी ४ लाख झाले. २०२३ मध्ये ३ कोटी १७ लाख झाले, म्हणजेच महामारीपूर्वीचा आकडा मागे पडला. २०२४ मध्ये ही संख्या ३ कोटी ४६ लाखांवर पोहोचली. ती २०१९ च्या तुलनेत सुमारे १६ टक्क्यांनी अधिक आहे. जगातील एकूण आंतरराष्ट्रीय पर्यटन २०२३ मध्ये २०१९ च्या सुमारे नऊ-दशांशापर्यंतच पोहोचले होते, हे लक्षात घेतल्यास क्रूझ व्यवसाय किती झपाट्याने सावरला ते ध्यानी येते. ज्या व्यवसायाचे नाव महामारीशी सर्वप्रथम जोडले गेले, तोच इतरांच्या आधी उभा राहिला.

व्यवसाय सावरला कसा?

पहिले कारण कर्ज. अमेरिकी सरकारने मार्च २०२० मध्ये उद्योगांसाठी मोठे साहाय्य जाहीर केले, पण ते अमेरिकेत नोंदलेल्या कंपन्यांपुरते होते. मोठ्या क्रूझ कंपन्यांची कार्यालये फ्लोरिडात असली तरी त्यांची नोंदणी पनामा, लायबेरिया व बर्म्युडा अशा देशांत आहे. कराच्या दृष्टीने सोयीची ही व्यवस्था संकटकाळी आड आली. मग या कंपन्यांनी बाजारातून पैसा उभा केला. कार्निव्हल या सर्वांत मोठ्या कंपनीने एप्रिल २०२० मध्ये ४०० कोटी डॉलरचे कर्जरोखे तब्बल साडेअकरा टक्के व्याजाने काढले. २०२० ते २०२२ या तीन वर्षांत या कंपनीचा तोटा २,५०० कोटी डॉलरच्या पुढे गेला. २०२४ मध्ये तिने सुमारे १९० कोटी डॉलर नफा मिळविला. म्हणजे जहाजे भरली, नफाही आला, परंतु त्या काळातील कर्ज फेडण्यास अजून बरीच वर्षे लागणार आहेत.

दुसरे कारण जहाजांची अदलाबदल. जुनी, लहान व खर्चिक जहाजे कंपन्यांनी मोडीत काढली. त्यांपैकी काही तुर्कस्तानातील आलियागा येथे, तर काही आपल्या गुजरातमधील अलंग येथे तोडण्यात आली. मुंबईहून २०१९ मध्ये सुरू झालेली जलेश क्रूझेस ही कंपनी २०२० मध्ये बंद पडली व तिचे 'कर्णिका' जहाज अलंगलाच गेले. दुसरीकडे, युरोपातील गोद्यांत आधीच मागणी नोंदविलेली नवी जहाजे एकामागून एक पाण्यात उतरत होती. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीस निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजावर जास्तीत जास्त सुमारे ७,६०० प्रवासी व २,३५० कर्मचारी राहू शकतात. एखाद्या मोठ्या धर्मग्रामाची लोकसंख्या एका जहाजात सामावली, असेच म्हणावे लागेल.

तिसरे कारण प्रवाशांची निष्ठा. रद्द झालेल्या सफरींचे पैसे परत घेण्याऐवजी अनेकांनी पुढील सफरीसाठी जमा रक्कम स्वीकारली. त्यामुळे जहाजे सुरू होताच गिऱ्हाईक तयार होते. शिवाय निवास, भोजन व प्रवास एकाच दरात मिळत असल्याने महागाईच्या काळात मध्यमवर्गीय कुटुंबांना क्रूझ परवडणारी वाटू लागली. भारतातही सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसचे जहाज मुंबईहून गोवा व अन्य ठिकाणी जाऊ लागले. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई बंदरातील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले.

आकडे काय सांगत नाहीत

प्रवासीसंख्या वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तीन रात्रींची छोटी सफर करणारा व दोन आठवडे फिरणारा, दोघेही या मोजणीत एकेकच धरले जातात. वर्षातून दोनदा जाणारा मात्र दोन मोजला जातो. म्हणून छोट्या सफरी वाढल्या की प्रवासीसंख्या वाढते, पण व्यवसाय तेवढ्याच प्रमाणात वाढला असे होत नाही. तसेच जहाज '१०५ टक्के भरले' असे वाचून दचकू नये. प्रत्येक खोलीत दोन प्रवासी धरून शंभर टक्के मोजले जाते. त्याच खोलीत मुले किंवा तिसरा सोबती राहिला की आकडा शंभराच्या वर जातो.

जेथे जहाजे जातात त्या गावांचे सुखदुःखही या आकड्यांत दिसत नाही. व्हेनिसच्या मध्यभागातून मोठ्या जहाजांना जाण्यास ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे. बार्सिलोना शहराने क्रूझ टर्मिनलांची संख्या २०३० पर्यंत ७ वरून ५ करण्याचे २०२५ मध्ये ठरविले. सँटोरिनी व मिकोनोस या ग्रीक बेटांवर त्याच वर्षापासून क्रूझ प्रवाशांवर कर आकारला जाऊ लागला. एका सकाळी हजारो पाहुणे उतरले की लहान गावाचे पाणी, रस्ते व शांतता यांवर ताण येतो.

परंतु आमच्या मते या आकड्यांतील सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. त्यांत पाहुणे मोजले जातात, यजमान मोजले जात नाहीत. जहाज भरले म्हणजे खोल्या अधिक, ताटे अधिक, पायपीट अधिक. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००६ चा सागरी श्रम करार २०१३ पासून अमलात आहे व भारताने २०१५ मध्ये त्यास मान्यता दिली. त्यानुसार कर्मचाऱ्यास चोवीस तासांत किमान १० तास व आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळावी, अथवा कामाचे तास दिवसाला १४ व आठवड्याला ७२ पेक्षा अधिक नसावेत, अशी मर्यादा आहे. बारा महिन्यांच्या आत मायदेशी परतण्याचा हक्कही त्यात आहे. महामारीच्या काळात हाच हक्क सर्वाधिक पायदळी तुडविला गेला. मालवाहू जहाजे धरून जगभरातील सुमारे ४ लाख दर्यावर्दी मुदत संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने दर्यावर्दींना अत्यावश्यक कर्मचारी मानावे असा ठराव केला, तेव्हा संकटाला नऊ महिने उलटून गेले होते.

त्या अनुभवातून काही सुधारणाही झाल्या. डिसेंबर २०२४ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार जहाजमालकांनी कर्मचाऱ्यांना शक्य तेथे इंटरनेटची सोय द्यावी, व शुल्क आकारल्यास ते वाजवी असावे, असे ठरले आहे. घरच्यांचा चेहरा रोज पाहता येणे ही चैनीची नव्हे, गरजेची गोष्ट आहे, हे जगाने अखेर मान्य केले.

आपण काय करावे?

नवी जहाजे येत आहेत, म्हणजे नोकऱ्याही येत आहेत. आपल्या तरुण-तरुणींनी ही संधी अवश्य घ्यावी. मात्र जेथे मागणी वाढते तेथे फसवणूक करणारे दलालही वाढतात. नोकरी लावून देणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे काय, हे प्रथम तपासावे. सागरी श्रम करारानुसार नोकरी मिळवून देण्याबद्दल कर्मचाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही. स्वतःचा पारपत्र, वैद्यकीय दाखला व खलाशी नोंदपुस्तिका यांचा खर्च तेवढा त्याच्यावर पडू शकतो. तेव्हा 'जागा नक्की करतो' म्हणून कोणी लाखो रुपये मागत असेल, तर घरातील दागिने गहाण टाकण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. करारपत्र वाचून, त्याची प्रत घरी ठेवूनच मुलास निरोप द्यावा.

ख्रिस्तसभेने दर्यावर्दींची सेवा फार पूर्वीपासून आपली मानली आहे. १९२० साली ग्लासगो येथे सुरू झालेले हे सेवाकार्य आज 'स्टेला मारिस' या नावाने जगभरातील बंदरांत चालते. त्याचे धर्मगुरू व स्वयंसेवक जहाजांवर जाऊन कोणत्याही धर्माच्या कर्मचाऱ्याची विचारपूस करतात. संकटसमयी जहाजावरील आपल्या माणसाने परक्या बंदरातही त्यांच्याकडे जाण्यास संकोच करू नये, हे घरच्यांनी त्यास आवर्जून सांगावे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १७ जून २०२० रोजी दर्यावर्दींना चित्रफितीद्वारे संदेश देऊन, कुटुंबापासून दुरावून जहाजावर अडकलेल्यांच्या दुःखाची आठवण जगाला करून दिली होती.

जुलै महिन्यातील दुसरा रविवार ख्रिस्तसभा 'सागर रविवार' म्हणून पाळते. त्या दिवशी आपल्या धर्मग्रामातील बोटीवर असणाऱ्यांची नावे मिस्सामध्ये घेतली जावीत, आणि ज्या घरातील कर्ता माणूस सात-आठ महिने समुद्रावर आहे त्या घराची चौकशी शेजाऱ्यांनी करावी, अशी आमची नम्र विनंती आहे. ३ कोटी ४६ लाख पाहुण्यांची मोजदाद जग करीत आहे. आपल्या माणसांची मोजदाद आपण ठेवू या.